वाळीत नव्हे, वाळत

मित्रांनो, वर्गातल्या त्या निळ्या कपाटाला मूठ नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल. मुठीच्या जागी दोरीचा एक मळकट तुकडा बांधलाय. खडू हवा, ओढ दोरी. कात्री हवी, ओढ दोरी. काहीच नको, नुसता कंटाळा आलाय, तरी जाता जाता ओढ दोरी. ती जुनी दोरी म्हणजे मी. दिवसभर माझी ओढाताण चालू असते आणि खरं सांगायचं तर माझी काही तक्रार नाही. स्वस्थ पडून राहणं मला कधी जमलंच नाही.

त्याला कारण माझा जन्म. दोरी कशी होते, ठाऊक आहे? कारखान्यात सुताचे तीन पदर शेजारी शेजारी ताणून धरतात. प्रत्येकाला एका बाजूने पीळ देतात आणि मग तिघांना मिळून उलट बाजूने. त्यातला प्रत्येक पदर सुटू बघतो. पण एक सुटायला लागला की तो दुसऱ्याला आवळतो, दुसरा तिसऱ्याला. तिघंही पळून जायला टपलेले आणि तिघांनीही एकमेकांना धरून ठेवलेलं. दुकानदार याला मजबुती म्हणतो. मला विचाराल तर ती जन्मभराची चुळबुळ आहे.

माझी पहिली नोकरी एका गच्चीवर होती, कपडे वाळत घालायची. घर तुमच्या शाळेतल्या एका बाईंचं, पण गच्चीवर राज्य त्यांच्या आईचं. मित्रांनो, माणसांची पारख करायची असेल तर त्यांचे वाळत घातलेले कपडे बघावेत. मी तर पक्का जमाखर्च मांडायचे. नवी चादर रस्त्याच्या बाजूला आणि ठिगळाची चादर आतल्या बाजूला, हे सगळ्या गच्च्यांवर सारखंच. शेजारच्या काकू तर एक भारी साडी, जी कधी नेसायच्या नाहीत, तीच पुन्हा पुन्हा धुऊन आमच्या दिशेला लावायच्या. लोकांना दाखवायचं एक आणि अंगावर घालायचं दुसरं, एवढं मी त्या गच्चीवरच शिकले.

बाईंच्या आईची मात्र एक गोष्ट मला आवडायची. कपडा वाळला की नाही, हे त्या कधी लांबून ठरवत नसत. ऊन कितीही कडक असो, प्रत्येक कपड्यापाशी यायच्या, त्याची शिवण चिमटीत धरायच्या आणि गालाला लावून बघायच्या. "वरून वाळलेला दिसतो मेला, शिवणीत ओला असतो," असं पुटपुटायच्या. ओला निघाला की त्याच्यावर चिडायच्या नाहीत, घाई करायच्या नाहीत. नुसता उलटा करून पुन्हा लावायच्या.

एका सकाळी बाई गच्चीवर आल्या आणि माझ्या गाठी सोडायला लागल्या. आई जिन्यातूनच ओरडल्या, "अगं, माझी दोरी कुठे निघालीस घेऊन?"

"शाळेत, आई."

"शाळेत? आणि कपडे काय तुझ्या डोक्यावर वाळत घालू?"

"नवी आणून देते संध्याकाळी. मला ही सवयीची हवी आहे. नवी दोरी फार ताठ असते गं, चिमटे सरकत नाहीत."

"घरची भांडी ने, घरचे डबे ने, आता दोरी ने. एक दिवस मलाही नेशील आणि फळ्याशेजारी उभी करशील!"

"तू कुठली स्वस्थ उभी राहायला!" बाई म्हणाल्या आणि मला पिशवीत कोंबलं.

अशी मी या वर्गात आले. माझं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. दुसऱ्या टोकाला फास केला आणि तो या कपाटाच्या मुठीत अडकवला. हो, तेव्हा कपाटाला चांगली पितळी मूठ होती. कपाट उघडायचं असेल तर आधी माझा फास काढायचा, मग दार ओढायचं, हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. मला फार उंच बांधलं नव्हतं. तिसरीतल्या मुलाच्या खांद्याशी मी यायचे. बुटक्यात बुटका हातही पोचला पाहिजे, असं बाईंचं म्हणणं होतं.

तो वर्गही जरा जगावेगळा. सगळ्यांनी एकच धडा, एकच गणित, असं बाईंच्या वर्गात नव्हतं. कुणी कोपऱ्यात मोठ्याने वाचत बसलेला, कुणी जमिनीवर काड्या मांडून गुणाकार करणारी, कुणी एकच ओळ वळणदार येईपर्यंत लिहिणारा. प्रत्येकाचं काम वेगळं, आणि ते ज्याने त्याने बाईंशी बोलून ठरवलेलं. मोठे सर, म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, दारातून डोकावले की म्हणायचे, "बाई, हा वर्ग आहे की भाजीबाजार?" बाई म्हणायच्या, "बाजारच आहे, सर. ज्याला जे कमी पडतं ते तो घेतो."

मला बांधून झाल्यावर बाईंनी प्रत्येकाच्या हातात एक लाकडी चिमटा ठेवला आणि आपापला रंगवायला सांगितला. सगळी मुलं माझ्याकडे बघत उभी.

"बाई, पण आपण वाळत काय घालायचं?" एका मुलाने विचारलं. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण त्याचं तोंड सकाळी सुरू व्हायचं ते घंटा झाल्यावरच बंद व्हायचं.

"तुला!" मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खिदळला.

बाई हसल्या नाहीत. त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. आपण आपल्यालाच वाळत घालू या. कपाटाकडे अंधार आहे, तिथे ओलं. मधे दमट. खिडकीत ऊन येतं, तिथे वाळलं. तुम्ही जे शिकताय ते आत्ताच हातात घेतलं असेल तर तुमचा चिमटा ओल्यात. थोडं येतं, थोडं चुकतं, तर दमट. कुणाची मदत न घेता येतं आणि दुसऱ्याला समजावताही येतं, तर वाळलं. दर शनिवारी शेवटच्या तासाला आपापल्या कामाला हात लावून बघायचं आणि आपला चिमटा आपण सरकवायचा. दुसऱ्याच्या चिमट्याला कुणी बोट लावायचं नाही. मीसुद्धा नाही."

झालं. त्या शनिवारपासून माझ्या अंगावर बोटं चालायला लागली. मित्रांनो, डोळ्यांना फसवता येतं, दोरीला नाही. मुलगा मनापासून सरकवतोय की शेजाऱ्याकडे बघून, हे मला चिमट्याच्या पकडीवरून कळायचं. शेजाऱ्याकडे बघून सरकवलेला चिमटा नेहमी जरा वाकडा बसतो. रेडिओचं काम कोणतं होतं, सांगू? दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणं. तो मोठ्या ऐटीत चिमटा खिडकीत लावायचा, "बाई, मी आज कुणालाच मधे तोडलं ना..." बाई 'हो' म्हणायच्या आत तो पुढचं बोलायला लागलेला असायचा. मग स्वतःच जीभ चावायचा आणि चिमटा परत दमटात.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते भिंगरीने. ही मुलगी एका जागी बसली तर बाकाला नवल वाटायचं. तिने चिमट्याची एक बाजू लालभडक रंगवली आणि दुसरी रंगवेपर्यंत तिचा धीर सुटला, म्हणून ती बाजू कोरीच. तिला तिच्या आत्याने वाढवलं होतं. आत्या शिवणकाम करायची आणि घरी दोघीच. भिंगरीने निवडलेलं काम होतं उसना घेऊन वजाबाकी. तिचा घोळ एकच. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे, तर दोनातून सात जात नाहीत म्हणून शेजारच्या पाचाकडून एक दशक उसनं घ्यायची, बारातून सात पाच, इथवर ठीक. मग पाचाचे चार करायला विसरायची आणि ठणठणीत पस्तीस लिहायची.

"अगं, शेजाऱ्याकडून आणलंस ना? मग त्याच्याकडचं कमी झालं की नाही?" बाई म्हणायच्या.

"झालं असेल बाई, पण तो काही बोलला नाही."

त्यावर तिने स्वतःच तोड काढली. उसनं घेतलं की शेजाऱ्याच्या डोक्यावर एक छोटं तोंड काढायचं, उघडं. "आता तो बोलतो," म्हणाली. गणितं बरोबर यायला लागली, आणि एका शनिवारी तिने चिमटा थेट खिडकीत नेला. लाल रंगावर ऊन पडलं, आणि मला वाटलं, चला, हिचं मार्गी लागलं.

पुढच्या शनिवारी ती आली, चिमटा काढला आणि सगळ्यांच्या देखत कपाटापर्यंत चालत जाऊन पार ओल्यात लावला.

"भिंगरी उलटी फिरली!" पोरं ओरडली.

"का गं मागे आणलास?" बाईंनी विचारलं.

"बाई, चारशे दोनमधून एकशे अठ्ठावन्न वजा करायचे होते. दोनाला कमी पडलं म्हणून मी शेजारी उसनं मागायला गेले, तर तिथे शून्य. त्याच्याकडेच काही नाही. मग मी काय करायचं?"

बाईंचा चेहरा असा उजळला की जणू तिने मैदान मारलं. "हे तुझं तुला कळलं?"

"हो. म्हणजे मला अजून येत नाही."

"वा," बाई म्हणाल्या. एवढंच. पण तो 'वा' माझ्या तिन्ही पदरांत उतरला.

इथवर सगळं छान होतं. मग मोठ्या सरांच्या डोक्यात एक विचार आला. मोठे सर वाईट नव्हते हो. त्यांना शाळेची काळजी फार. भिंतीवरची तसबीर केसभर वाकडी असली तर त्यांना जेवण जात नसे. त्यांना कळलं की तपासणीला साहेब येणार आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या माणसांना दोरीवर जे दिसतं तेच त्यांना दिसलं, म्हणजे पुढचे आणि मागचे.

"बाई, हे फार उत्तम आहे," ते म्हणाले. "एका नजरेत हुशार कोण आणि कच्चे कोण, समजतं. असं करू, साहेब येऊन गेले की कपाटाकडची मुलं उजळणीच्या वर्गात टाकू. टाकीमागच्या खोलीत."

"सर, ती पुढची-मागची नाहीत. प्रत्येकाचं काम वेगळं आहे. आणि चिमटा त्यांनी स्वतः लावलाय."

"तेच तर. स्वतःच कबूल केलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला!"

पाण्याच्या टाकीमागची ती खोली सगळ्या मुलांना माहीत होती. ओल आलेल्या भिंती, एक खिडकी, तीही टाकीकडे तोंड करून. बाई तिथे शिकवणार नव्हत्या. वर्गातले सोबती तिथे नसणार. बातमी मधल्या सुट्टीच्या आत वर्गभर झाली.

मित्रांनो, त्या शनिवारी माझ्या अंगावरून जी बोटं फिरली तशी मी कधी अनुभवली नव्हती. सगळी घामेजलेली, सगळी घाईत. एकेक चिमटा खिडकीकडे निघाला. ज्याला पाढा येत नव्हता तोही, जिचं जोडाक्षर अडत होतं तीही. रेडिओ तर गप्प होता, आणि तो गप्प असणं ही काही चांगली खूण नव्हे. खिडकीपाशी इतकी दाटी झाली की चिमटे एकमेकांवर चढले. माझं ते टोक वाकलं, आणि सगळे चिमटे वाकडे. ओल्यात उरला एकच, अर्धा लाल, अर्धा कोरा.

बाई तो तास संपेपर्यंत फळ्याकडे पाठ करून खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. 'मीसुद्धा बोट लावणार नाही' असं त्या स्वतःच बोलून बसल्या होत्या ना.

दुसऱ्या आठवड्यात पालक भेटायला आले. भिंगरीची आत्या आली ती गळ्यात मोजपट्टी तशीच, काम टाकून आलेली. तिने दोरी पाहिली. खिडकीशी चिमट्यांचा घोळका आणि लांब अंधारात एकटा लाल चिमटा.

"आमचाच ना गं तो?" आत्याचा आवाज चढला. "का म्हणून? आमच्या पोरीला वाळीत टाकलंय होय?"

"वाळीत नाही गं आत्या, वाळत! वाळत घातलंय. ओलं आहे म्हणून तिकडे."

"बाकीची सगळी कोरडी आणि तूच तेवढी ओली?"

भिंगरीने मान हलवली. आत्या तिच्यापुढे वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "हे बघ. एवढासा तर चिमटा. सरकव की खिडकीकडे, हात झिजणार आहे का तुझा? त्या खोलीत जाऊन बसशील एकटी? मला सांग, बसशील?"

"नाही."

"मग?"

"पण ते येत नाही ना मला, आत्या."

आत्याने कपाळाला हात लावला. "कुणावर गेलीय ही!" मग जाता जाता बाईंना म्हणाली, "बाई, आमची पोर वेडी आहे. पण तुमच्या वर्गातून काढू नका तिला. ती इथेच तेवढी टिकून बसते." बाई म्हणाल्या, "ते माझ्या हातात असतं तर प्रश्नच नव्हता." हे उत्तर आत्याला काही कळलं नाही. मला कळलं.

साहेब यायच्या दिवशी भिंगरी सगळ्यांच्या आधी वर्गात आली. दप्तरही काढलं नाही. आधी तिने माझ्यावरचा तो लाल चिमटा पकडला आणि सरकवायला सुरुवात केली. दमटापाशी थांबली. पुन्हा सरकवला. खिडकीच्या उन्हात पोचली तेव्हा तिची बोटं इतकी थरथरत होती की मीही थरथरायला लागले आणि बाकीचे सगळे चिमटे खडखडले. तिने दचकून मागे पाहिलं. कुणी नव्हतं. मग ती चिमटा तसाच फरफटत कपाटाकडे घेऊन गेली, खट्‌कन लावला आणि बाकावर जाऊन तोंड झाकून बसली. मी किती तरी वेळ हलत राहिले. माझ्या तोंडून एखादा शब्द फुटला असता तर त्या सकाळी फुटला असता.

मग मोठे सर आले. सगळं नीटनेटकं आहे ना, बघायला. त्यांनी तसबीर सरळ केली, खडूंची पेटी सरळ केली. त्यांची नजर लाल चिमट्यावर गेली. "हा एकच काय राहिला इकडे?" म्हणाले, आणि दोन बोटांत धरून तो नेऊन खिडकीशी लावला. पहिल्यांदाच कुणीतरी दुसऱ्याच्या चिमट्याला हात लावला होता. भिंगरीने पाहिलं. तिचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

साहेब आले. पोट सुटलेले, चष्मा नाकावर, हातात चहाचा कप. माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, हे काय? कपडे वाळत घालता की काय इथे?"

"मुलांची प्रगती, साहेब," मोठे सर म्हणाले. "सगळा वर्ग शंभर टक्के खिडकीत. थांबा, तुम्हाला मुलांचं कामच दाखवतो." आणि मोठ्या उत्साहाने त्यांनी कपाटाची मूठ धरली.

"सर, फास!" बाई ओरडल्या.

"सर, आधी दोरी..." रेडिओही ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने योग्य वेळी मधे तोंड घातलं होतं, पण उशीर झाला. सरांनी हिसका दिला. मी ताणले गेले, मुठीचा स्क्रू आधीच ढिला, तो सुटला. मूठ सरांच्या हातात राहिली आणि मी सणसणत खिडकीकडे फेकली गेले. चिमटे उडाले. बाकांवर, कपाटावर, मुलांच्या केसांत. एक तर थेट साहेबांच्या चहात.

साहेबांनी कपात दोन बोटं घालून चिमटा बाहेर काढला. त्यातून चहा ठिबकत होता. अर्धा लाल, अर्धा कोरा.

"हा ओला चिमटा कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

भिंगरी उभी राहिली. "माझा. पण साहेब, तो आधीपासूनच ओला आहे."

वर्ग असा हसला की खिडकीचा गज झणझणला. बाईंनी पदर तोंडाला लावला. एकटे साहेब काही न समजून सगळ्यांकडे बघत राहिले. मोठे सर घाईने म्हणाले, "गमतीदार आहे मुलगी. लाव बाळ, खिडकीकडे लाव. तिथेच होता ना तो?"

माझं टोक बांधायला मूठच नव्हती. बाईंनी खाली वाकून मला उचललं, फास स्वतःच्या मनगटात घातला आणि कपाटापाशी उभ्या राहिल्या. मी पुन्हा ताठ झाले. बाईंची नाडी माझ्यात ठोके देत होती.

भिंगरी चहाचा चिमटा घेऊन खिडकीकडे गेली. तिथे थांबली. खिडकीतून टाकी दिसते. मग वळली आणि सगळा वर्ग चालून बाईंपाशी आली. त्यांच्या मनगटाला लागूनच तिने चिमटा लावला. तो सरळ बसला.

"इथे होता," ती म्हणाली. "माझं शून्य अजून ओलं आहे."

"तुला कुणी सांगितलं ओलं आहे म्हणून?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही. मीच हात लावून बघितलं."

साहेब काही बोलणार, तेवढ्यात रेडिओ उठला. तोंड उघडलं, साहेबांकडे बघून मिटलं, त्यांचं बोलणं संपायची वाट पाहिली. साहेब बोललेच नाहीत. मग त्याने खाली पडलेला आपला चिमटा शोधला आणि दमटात लावला. त्याच्यामागून पाढेवाला आला, ओल्यात. जोडाक्षरवाली आली, ती बराच वेळ उभी राहून दमटाच्या अलीकडे. कुणी डोक्यातून चिमटा काढला, कुणी कपाटाखालून. एकेक येत गेला, मी मोजायचं सोडून दिलं. सगळे चिमटे सरळ बसत होते. खिडकीत जे गेले ते थोडेच, पण त्यांना तिथे जाताना घाम फुटला नव्हता.

बाईंच्या मनगटाकडची माझी बाजू चांगलीच भरून गेली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, मग टाकीमागच्या खोलीत आता कुणाकुणाला पाठवायचं? तिथे बाकं चारच आहेत."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कसली खोली?"

मोठ्या सरांच्या हातात अजून ती पितळी मूठ होती. त्यांनी ती या हातातून त्या हातात घेतली. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लाल चिमट्याकडे. "काही नाही साहेब," ते म्हणाले, "जुनं सामान ठेवतो तिथे."

आणि मित्रांनो, तेव्हापासून त्या खोलीत खरोखरच जुनं सामान ठेवतात.

भिंगरीचं शून्य त्या दिवशी सुटलं नाही. साहेबांनी फळ्यावर घालून दिलेलं गणितही तिने चुकवलंच. पण नंतर एका मधल्या सुट्टीत ती एकटीच बाकावर पाय हलवत बसली होती. अचानक म्हणाली, "अय्या, मग शून्याने पण शेजारी जावं ना!" शून्य चाराकडे गेलं, चाराचे तीन झाले, शून्याचे दहा. दहातला एक दोनाला दिला, उरले नऊ. तिने प्रत्येकाच्या डोक्यावर तोंडं काढली, सगळी उघडी. दोनशे चव्वेचाळीस. दोनदा पडताळून पाहिलं. मग आली आणि चिमटा दमटात लावला. खिडकीत नाही, बरं का. "उद्या परत बघू," म्हणाली आणि पळाली. खिडकीत तो पुढच्या शनिवारी गेला, रेडिओला समजावून झाल्यावर. रेडिओने तिला मधे एकदाही तोडलं नाही, तेव्हा त्याचाही.

त्यानंतर बरीच मुलं माझ्यावर वाळली. मग बाईंची बदली झाली. नव्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांना मी म्हणजे भिंतीला लटकलेली दोरी, एवढंच वाटलं. चिमटे एका डब्यात गेले, डबा कुठे गेला माहीत नाही. मला शिपायाने काढलं. लांब तुकड्याने नकाशांचा गठ्ठा बांधला आणि हा आखूड तुकडा कपाटाला मुठीच्या जागी. गठ्ठ्यातल्या माझ्या भागाचं काय होत असेल, या विचाराने मला कधी कधी पीळ पडतो. हलायची सवय असलेल्याला बांधून ठेवणं फार वाईट.

आता भिंतीवर पडदा आहे. तुम्ही त्यावर गणित सोडवता आणि तो लगेच हिरवा होतो नाहीतर तांबडा. पडदा काही वाईट नाही, कामाचा आहे. पण मी बघते ना इथून. उत्तर लिहिलं की तुम्ही गणिताकडे बघतच नाही, रंग काय येतो याच्याकडे बघत बसता. हिरवा आला की उड्या, तांबडा आला की तोंड पाडून इथे येता आणि मला ओढता.

म्हणून एवढंच सांगते. मला फार जपू नका, मी मळले तर मळू द्या. जपायचंच असेल तर तो शनिवारचा तास जपा. पडदा रंग दाखवायच्या आधी क्षणभर थांबा, आपल्या कामाची शिवण चिमटीत धरा, गालाला लावून बघा. ओलं निघालं तर लाजू नका, उलटं करून पुन्हा उन्हात लावा. आणि शेजारच्याचा चिमटा कुणीतरी त्याच्या वतीने सरकवत असेल, मग ते तुमच्या घरचे असोत नाहीतर शाळेतले, तर त्यांना सांगा, फास काढल्याशिवाय दार ओढू नका.

काल तुमच्यातलीच एक मुलगी इथे उभी होती. पडद्यावर तिचं नाव यायचं होतं, म्हणून कपाटाला टेकून माझं टोक बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. ओठ हलत होते. मी कान देऊन ऐकलं.

"भागाकार येतो," ती स्वतःशीच म्हणत होती. "बाकी उरली की मात्र घोळ होतो. तेवढं ओलंच आहे."

हा शब्द तिला कुणी शिकवला, मला माहीत नाही. पण मी अजून हलतेय.